ओरिजिनल, कंपनी की लोकल?

जुन्या गाडीचा पार्ट घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस आधी पार्टचं नाव ऐकून घेतो आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो, "कोणता देऊ? ओरिजिनल, कंपनी की लोकल?" ओरिजिनल म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या पाकिटातला. कंपनी म्हणजे ज्या कारखान्यानं गाडीवाल्याला तो पार्ट पुरवला, त्याच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला. आणि लोकल म्हणजे कुणीतरी बघून बनवलेला. कालपरवा घेतलेल्या गाडीसाठी हे सोपं असतं, खिसा बघायचा आणि सांगायचं. पण गाडी प्रीमियर पद्मिनी असेल, म्हणजे जिचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलंय, तर या तिन्ही शब्दांचे अर्थच बदलतात. ओरिजिनल म्हणजे मग कधीतरी बनलेला आणि तेव्हापासून कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेला पार्ट, आणि लोकल म्हणजे गेल्या वर्षी बनलेला, पण ज्यानं बनवला त्यानं ही गाडी रस्त्यावर चालताना बघितली असेलच असं नाही.

आमची पद्मिनी १९७८ ची. काकांनी घेतली, काकांनीच चालवली, आता ते चालवत नाहीत म्हणून माझ्याकडे आली. काकांचा सुताचा धंदा, त्यामुळं ही गाडी इचलकरंजीपर्यंत सुताची सँपल घेऊन फिरलेली आहे, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तर घरचंच अंगण. बेंच सीट, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, पुढं बसल्यावर छोटी तिकोनी काच उघडली की थेट तोंडावर वारं. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या तिकोनी काचेएवढी कामाची गोष्ट मला कुठल्याच नव्या गाडीत दिसली नाही.

आणि सोलापूरकरांचा या गाडीवर थोडा जास्तीचा हक्क आहे असं मी मानतो. वालचंद हिराचंद आपल्याच गावात जन्मले, १८८२ साली. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आधी अमेरिकन गाड्या आणि ट्रक जोडले गेले, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. ते स्वतः १९५३ मध्ये गेले, म्हणजे पद्मिनी हे नाव त्यांनी ऐकलंच नाही. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, १९७२ ला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसीचं. वालचंदांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्याकडं अशोक चौकात आहे, तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांना ही गाडी माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

आता पार्टचं बोलतो. पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते माझ्यासारख्या हौशी लोकांमुळं अजिबात नाही, ते मिळत राहिले मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळं. टॅक्सी रोज चालते, तिला ब्रेक लायनर लागतात, क्लच प्लेट लागते, फॅन बेल्ट, हेड गॅस्केट, इंजिनला ठिणगी पुरवणारे पॉईंट, कंडेन्सर सगळं लागतं आणि आजच्या आज लागतं, म्हणून कुर्ल्यापासून दिल्लीच्या कश्मीरी गेटपर्यंत हे पार्ट बनवणारे आणि विकणारे टिकून होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झाली आणि वीस वर्षांच्या नियमानं ऑक्टोबर २०२३ ला तिचं आयुष्य संपलं. त्या दिवशी पेपरात सगळ्यांनी फोटो छापले, हळहळले. मला मात्र त्या दिवशी पार्टची काळजी वाटली, कारण गिऱ्हाईकच गेलं की बनवणारा किती दिवस बनवेल.

यातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती मला उशिरा लक्षात आली. टॅक्सीवाल्यानं कधी दरवाज्याचं चकचकीत हँडल विकत घेतलं नाही, पुढची जाळी तुटली तर तशीच चालवली, डिकीवरचं नाव पडलं तर पडलं. त्यामुळं या गाडीचे इंजिन-ब्रेकचे पार्ट अजूनही इकडं तिकडं सापडतात, पण जे नुसतं दिसायला आहे, क्रोम, बॅज, मागच्या लाईटची काच, तिकोनी काचेचं हँडल, ते मिळता मिळत नाही. म्हणजे ज्या पार्टवर गाडी चालते तिथं निवड आहे आणि ज्यावर गाडी ओळखू येते तिथं फारशी निवडच नाही. जुन्या गाडीच्या मालकाचं सगळं भांडण या दोन टोकांच्या मध्ये चालतं.

विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी एकदा पुण्याहून नाना पेठेतून ब्रेकचा रबर किट आणला, पाकीट जुनं, कंपनीचं सील तसंच, भाव चांगला दणकून दिलेला. चाचांनी पाकीट फोडलं, आतला छोटा वाटीसारखा रबर दोन बोटांत धरला, दाबला, नखानं त्याची कड थोडी वाकवली. कडेला बारीक बारीक भेगा उमटल्या, केसाएवढ्या. ते म्हणाले, "ओरिजिनल ओरिजिनल काय घेऊन बसलाव, रबराला कंपनी कळत नाही ओ, त्याला वय कळतंय."

हे वाक्य मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतो. लोखंड माळ्यावर पडून राहिलं तर तेल लावून वापरता येतं, जुना स्टॉकचा क्रँक, जुना गिअर, जुनं बेअरिंग नीट गुंडाळून ठेवलेलं असेल तर ते आजही आजच्या मालापेक्षा सरस निघू शकतं. पण रबर पाकिटातही म्हातारं होतं. ब्रेकचे कप, पेट्रोलची नळी, पंपाचा डायफ्राम, होज पाइप, इंजिनखालचे माउंटिंग, यात जुना स्टॉक शोधत फिरणं म्हणजे पैसे देऊन धोका घेणं. टायरचंही तेच. जुन्या गाडीच्या मापाचा, कधीच न चाललेला, नक्षी पूर्ण असलेला टायर कुणी दाखवला की आपला जीव त्यात अडकतो. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात ते आधी वाचायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. चार आकडे सापडलेच नाहीत आणि तीनच सापडले तर तो टायर गेल्या शतकातला आहे, त्याला घरी ठेवा, रस्त्यावर नेऊ नका.

पेट्रोलची नळी आणि डायफ्राम हा तर आता वेगळाच विषय झालाय. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडं झालं. आपला जिल्हा उसाचा, इथेनॉल आपल्याच कारखान्यांतून निघतं, शेतकऱ्याच्या उसाला त्यातून दोन पैसे जास्त मिळत असतील तर माझी त्याला अजिबात ना नाही. पण १९७८ च्या गाडीतलं रबर त्या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉलनं ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, आतला डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथंच बंद करायची, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ जगत नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज आणि कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी. इथं मी डोळे झाकून नवा माल घेतो, इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा डायफ्राम आणि तशीच नळी. ओरिजिनल जपायच्या नादात इथं जुनंच बसवायचं हा मला हट्ट वाटतो, आणि त्या हट्टाची किंमत म्हणजे बॉनेटखालची आग असू शकते.

ब्रेकमध्ये तर आणखी एक कारण आहे. जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडून फुंकर मारली की जो काळा धुरळा उडतो तो फुप्फुसात जाण्यासारखा नाही, आणि मिस्त्री लोक दिवसभर त्यातच बसलेले असतात. त्यामुळं न वापरलेला जुना ब्रेक शू, म्हणजे लायनर ज्यावर बसतो ती लोखंडी कमान, लायनरसकट मिळाला म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. पण शूचं लोखंड मात्र ओरिजिनलच ठेवावं, कारण लोकल शूची गोलाई बऱ्याचदा ड्रमशी जमत नाही, कडेलाच टेकतो आणि गाडी ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. मग करायचं काय, तर जुना शू घासून स्वच्छ करायचा, त्यावर चांगल्या कंपनीचं बिनॲस्बेस्टॉसचं नवं लायनिंग रिव्हेट करून घ्यायचं. लोखंड कुर्ल्याच्या काळातलं, लायनिंग आजचं. तुळजापूरचा घाट उतरताना चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी काय असते हे ज्यानं अनुभवलंय त्याला हे समजावून सांगायला नको, ड्रम तापला की पेडल तेच असतं पण गाडी थांबायला वेळ घेते. म्हणून घाटात मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो, पार्ट कुठलाही असो.

काचेबद्दल एवढंच सांगतो, पुढची काच बदलायची वेळ आली तर लॅमिनेटेड घ्या. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना टफन्ड काच असायची, दगड लागला की सगळी पांढरी होऊन दाण्यांसारखी खाली येते. कोपऱ्यातल्या जुन्या शिक्क्यासाठी तसलीच परत बसवायची गरज नाही.

आता दुसरं टोक. हाताला लागणाऱ्या वस्तू.

दरवाज्याचं हँडल घ्या. पद्मिनीचं मूळ हँडल जस्ताच्या ओतीव धातूचं आहे, वरून क्रोम. चाळीस-पन्नास वर्षांत त्यावर बारीक फोड येतात, पुरळ आल्यासारखे, आणि ते नुसत्या पॉलिशनं जात नाहीत कारण ते खालच्या जस्तातून वर आलेले असतात. नवीन लोकल हँडल बाजारात मिळतं, लांबून बघितलं तर चमक ओरिजिनलपेक्षा जास्त. हातात घ्या म्हणजे कळतं. हलकं लागतं, बटण दाबल्यावर आत कुठंतरी पत्रा घासल्यासारखं होतं, आणि एका पावसाळ्यात क्रोम सोलायला लागतं, कारण खाली तांबं आणि निकेल यांचे थर दिलेलेच नसतात, सरळ वरून चमक मारलेली असते. मी जुनीच हँडल उतरवली, क्रोमवाल्याकडं दिली, त्यानं जुनं क्रोम काढून फोड घासले, खड्डे तांब्यानं भरून परत घासले, मग निकेल, मग क्रोम. पैसे नव्या हँडलच्या कितीतरी पट गेले. दोन हँडलवर बारीक खड्डे अजूनही दिसतात. पण दरवाजा उघडताना तो जड, भरीव खटका तसाच येतो, आणि मला जुनी गाडी हवी असते ती या खटक्यासाठीच, नाहीतर बाजारात नव्या गाड्या काय कमी आहेत.

काकांना हे सगळं पटत नाही. ते म्हणतात, "आम्ही काय ओरिजिनल ओरिजिनल करत होतो काय? जे मिळेल ते टाकत होतो आणि निघत होतो, माल वेळेवर पोचला पाहिजे." आणि ते खरंही आहे. या गाडीत १९८५ च्या आसपासच लोकल डिस्ट्रिब्युटर कॅप होती, दुसऱ्याच गाडीचा हॉर्न होता, रेडिएटरच्या होजला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. म्हणजे ज्या दिवसांची आठवण म्हणून मी ही गाडी ओरिजिनल करायला निघालोय त्या दिवसांत ती ओरिजिनल नव्हतीच.

या गोष्टीचा मी खूप विचार केला. सीटचं उदाहरण सांगतो. शोरूममधून गाडी आली तेव्हा सीटवर रेक्झिन होतं. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी आणि रेक्झिनची सीट, बसल्यावर काय होतं ते सांगायची सोय नाही. काकांनी पहिल्याच उन्हाळ्यात सोलापुरी चादरीच्या कापडाची कव्हर शिवून घेतली, जाड जॅकार्ड, लाल आणि पांढरी नक्षी, ती कव्हर अजून आहेत, रंग उतरलाय, ड्रायव्हरच्या बाजूला काकूंनी हातशिलाईनं ठिगळ लावलंय. जुन्या गाड्यांतले जाणते लोक बघायला येतात ते म्हणतात की हे काढ, मूळ डिझाइनचं रेक्झिन आता परत बनवून मिळतं, शिलाईच्या रेषांसकट. मिळतं, मी बघितलंय, उत्तम करतात. पण मी ही कव्हर काढणार नाही. कारखान्यातून आलेली गाडी हजारो लोकांची एकसारखीच होती. ती आमची झाली या चादरीमुळं, गिअरच्या दांड्यावर काकांच्या अंगठीनं घासून पिवळी पडलेली जागा आहे तिच्यामुळं. तो दांडाही मी क्रोमला दिला नाही.

तर माझं म्हणणं एवढं आहे. ज्या पार्टवर माणसांचा जीव आहे तिथं वय बघायचं, आणि नवा, नाव असलेला, चांगल्यात चांगला माल घालायचा. जो पार्ट माणसांच्या हातानं झिजलाय तो शक्य तितका दुरुस्त करून तोच ठेवायचा. ओरिजिनल हा शब्द दोन्हीकडं सारखाच लावायला गेलं की एकतर गाडी धोक्याची होते नाहीतर अनोळखी होते.

राहिला तिसरा प्रकार, जो पार्ट ओरिजिनलही मिळत नाही आणि लोकलही कुणी बनवत नाही. इथं सोलापूर कामाला येतं.

पद्मिनीच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगला असल्यामुळं तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत दांड्या आणि सांधे जातात, प्रत्येक सांध्यात छोटे बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते त्या नळीसारख्या कड्या. ते झिजले की दांडा ढिला पडतो, लटकतो, पहिला गिअर टाकायला जावं तर भलताच पडतो. बाजारात जे बुश मिळाले ते प्लास्टिकचे, वर्षभरात परत तेच. शेवटी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका लेथवर गेलो. तिथले टर्नर अण्णा, घरात तेलुगू बोलणारे, आयुष्यभर यंत्रमागाचे पार्ट बनवलेले. गिरण्यांच्या काळात इंग्लंडहून आलेल्या मशिनींचे पार्ट तिकडून मागवायला परवडायचे नाहीत तेव्हापासून या गावात बघून बनवायची विद्या आहे, गिरण्या गेल्या, माग राहिले, आणि मागासाठी बुश, गिअर, कॅम बनवणारे हात पण राहिले. मी झिजलेला बुश टेबलावर ठेवला आणि म्हणालो असाच करून द्या. अण्णांनी तो उजेडाकडं धरून त्यातून बघितलं आणि परत माझ्या हातात दिला. "असाच केला तर झीज पण अशीच करून देईन की मी. दांडी आणा, आणि ज्यात बसतो ते घर आणा."

दांडी नेली. त्यांनी व्हर्निअर लावून तीन ठिकाणी माप घेतलं, मधे दांडी झिजून बारीक झालेली, पण टोकाला, जिथं क्लॅम्पखाली ती कधी घासलीच गेली नव्हती, तिथं मूळ माप जसंच्या तसं शिल्लक होतं. ते माप धरून दांडीचा झिजलेला भाग वेल्डिंगनं भरून परत टर्न केला, आणि बुश गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा, बाहेरून घरात ठोकून बसेल असा, आतून तेलाचा पापुद्रा राहील एवढी जागा सोडून. कडेला तेलासाठी एक बारीक चर पण काढला, तो मूळ बुशला नव्हता. मी विचारलं हा कशाला, तर म्हणाले, "मागाला असतोय. कोरडा कशाला फिरू द्यायचा." आता गिअर असा पडतो की काका एकदा शेजारी बसले होते, ते म्हणाले नवीन घेतली तेव्हा पण असा पडत नव्हता.

हा पार्ट लोकल आहे. माझ्या गाडीतल्या कुठल्याही ओरिजिनल पार्टएवढाच मला त्याचा अभिमान आहे. त्यामुळं लोकल म्हणजे हलकं असं जेव्हा कुणी बोलतं तेव्हा मला ते सहन होत नाही. प्रश्न कुठं बनलं याचा नसतोच, बनवणाऱ्यानं नुसती झिजलेली वस्तू बघितली का तिचं मूळ माप शोधलं, एवढाच असतो.

ज्याची चीड येते ती वेगळी गोष्ट आहे. एका दुकानातून मी कंडेन्सर घेतला, नामांकित कंपनीच्या डब्यात, होलोग्रामसकट. गाडी पंढरपूरच्या रस्त्यावर गरम झाली आणि बंद पडली, थंड झाल्यावर चालू, परत बंद. उघडून बघितलं तर पॉईंट जळून निळे-काळे, आणि कंडेन्सरवरचा शिक्का बोटानं पुसला तर पुसला गेला. डबा खोटा, आतला माल आणखी खोटा. त्यानं तोच माल स्वतःच्या नावानं निम्म्या भावात विकला असता तर मी विचार करून घेतला असता किंवा नसता. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं असूनही बाहेरून येणाऱ्या पातळ चादरी 'सोलापुरी' म्हणून हायवेवर विकल्या जातात आणि नाव आपल्या मागांचं खराब होतं. म्हणून आता मी पार्ट घेताना डबा नाही, पार्ट बघतो. ओतकामाच्या कडा साफ आहेत का, नंबर धातूत उठवलेला आहे की नुसता छापलेला, वजन हाताला पटतंय का. जुना पार्ट खिशात घेऊनच दुकानात जातो आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय पैसे काढत नाही.

मध्यंतरी एकानं सुचवलं की इटलीहून मागव. तिकडं फियाट ११०० ही क्लासिक गाडी आहे, तिचे रबर, बॅज, जाळ्या नव्यानं बनवणारे लोक आहेत, आणि क्वालिटी खरंच चांगली असते असं ज्यांनी मागवलं ते सांगतात. मोह झाला. पण आमची गाडी इटलीची नाही ना. इटलीत ११०० डी १९६६ पर्यंतच बनली, आपल्याकडं तीच पुढं साडेतीन दशकं बनत राहिली आणि तेवढ्या काळात पार्ट एकेक करून इथलेच होत गेले, दिसण्यातही बदल होत गेले. ट्यूरिनची, म्हणजे फियाटच्या गावची जाळी आमच्या १९७८ च्या पद्मिनीला लावली तर ती इटालियन गाडीच्या दृष्टीनं बरोबर आणि कुर्ल्याच्या गाडीच्या दृष्टीनं चूक. रबराच्या पट्ट्या मी तिकडच्या मागवेन, कारण रबराचा आकार दिसत नाही, काम दिसतं. जाळी आणि नावं मात्र इथलीच पाहिजेत.

योगायोग असा की जुन्या गाड्या कशा जपाव्यात याचा जो जागतिक जाहीरनामा आहे तोही ट्यूरिनच्याच नावानं ओळखला जातो, फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१२ मध्ये केलेला. त्याचा कल स्पष्ट आहे, आधी जतन, मग दुरुस्ती, आणि नव्यासारखं करून टाकणं सगळ्यात शेवटी. आपल्याकडं जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, पन्नास वर्षांवरची गाडी, आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत अशी अट. आमच्या गाडीची पन्नास २०२८ ला भरतील. त्यामुळं खालचा पत्रा कुजला तेव्हा अख्खा फ्लोअर नवीन टाकायचा सल्ला मी ऐकला नाही, जेवढा कुजला तेवढाच कापून त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा बसवला, लांबी, म्हणजे पुट्टी, न थापता. इंजिनचा ब्लॉक तोच, नंबर तोच. रेडिएटर पण तोच तांब्या-पितळेचा, फक्त आतली जाळी नवी भरून घेतली, कारण त्रेचाळीस डिग्रीत चोंदलेल्या रेडिएटरनं हेडचं काय होतं ते आमच्या घरानं पूर्वी बघितलंय.

आणि एक सवय लावून घेतली आहे. गाडीतून निघालेला एकही मूळ पार्ट भंगारात देत नाही. पत्र्याच्या पेटीत ठेवतो, चिठ्ठी बांधून, कुठला, कधी काढला, त्याच्या जागी काय बसवलं. अण्णांनी बनवलेल्या बुशवर न दिसणाऱ्या बाजूला 'सो.' असं पंचनं कोरून घेतलंय. पुढं ही गाडी ज्याच्याकडं जाईल त्याला कळलं पाहिजे की यातलं काय कुर्ल्याचं आहे आणि काय एमआयडीसीतलं आहे, त्यानं ते बदलायचं की ठेवायचं ते त्याचं तो ठरवेल.

सध्या पुढच्या जाळीचा विषय चालू आहे. आमच्या जाळीला उजवीकडं दोन पट्ट्या तुटलेल्या आहेत, मुंबईतल्या एका गृहस्थाकडं न वापरलेली, कागदात गुंडाळलेली ओरिजिनल जाळी आहे, फोटो पाठवलाय, अप्रतिम आहे, आणि त्यानं जो भाव सांगितलाय त्यात चारही चाकांचं ब्रेकचं काम, व्हील सिलिंडर आणि नवीन ब्रेक पाइप आरामात होतात. लोकल जाळी पण बघून आलो, पट्ट्यांमधलं अंतर चुकलंय, समोरून बघितलं की गाडीचा चेहराच बदलतो, ती नको. तेव्हा ठरलंय असं, दोन तुटक्या पट्ट्या अण्णांकडं नेऊन जोडता येतात का बघायचं, नाहीच जमलं तर तुटकी जाळीच राहू द्यायची, आणि चाचांना सांगितलंय की सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की गाडी आणतो, चारही ड्रम उघडा.